मीटर १२ व्होल्ट दाखवतो, तरी काचेवर पाणी का येत नाही?

दर्यापूरकडच्या एका भाऊंनी विचारलं आहे. छोटी हॅचबॅक गाडी, सात-आठ वर्षं जुनी. वायपरचा दांडा स्वतःकडे ओढला की वायपर दोन-तीनदा फिरतात, पण काचेवर थेंब येत नाही आणि मोटरचा आवाजही नाही. टाकी भरलेली आहे, फ्यूज शाबूत आहे. मिस्त्रीनं नवी वॉशर मोटर टाकली, ती दोन आठवडे चालली आणि पुन्हा बंद पडली. कपलर, म्हणजे मोटरला वायरी जोडणारा प्लास्टिकचा प्लग, काढून मीटर लावला तर १२ व्होल्ट दिसतात. आता मिस्त्री म्हणतो, स्टिअरिंगखालचा कॉम्बी स्विच, म्हणजे हा दांडा ज्याला असतो तो, गेला, तो बदलू. खर्च हजारांत सांगितला आहे. "मोटर नवी, करंट येते, तरी पाणी येऊन नाही राहिलं. स्विच टाकू का?"

टाकू नका. निदान खाली सांगतो ती तपासणी होईपर्यंत तरी नाही. तुम्ही जे लिहिलंय त्यातच तीन खुणा आहेत आणि त्या तिन्ही स्विचपेक्षा मोटरच्या कपलरकडे आणि अर्थच्या, म्हणजे वीज बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या, वायरकडे बोट दाखवतात.

पहिली खूण, वायपर फिरतात. बऱ्याच गाड्यांत दांडा ओढल्यावर स्विचच्या ज्या कॉन्टॅक्टमधून मोटरला वीज जाते, त्यातूनच वायपरच्या रिलेला दोन-तीन फेऱ्या मारायचा इशारा मिळतो. वायपर दर वेळी न चुकता फिरत असतील तर स्विचच्या आत काहीतरी जुळतंय हे नक्की. रिलेला अगदी थोडी वीज पुरते आणि काही गाड्यांत हे दोन कॉन्टॅक्ट वेगळे असतात, त्यामुळे स्विच पूर्ण निर्दोष आहे असं एवढ्यावरून ठरत नाही. पण संशयितांच्या यादीत तो बराच खाली जातो.

दुसरी खूण, नवी मोटर दोन आठवडे चालली. मोटर बदलताना कपलर उपसला आणि पुन्हा दाबून बसवला गेला. त्या घासण्यानं टर्मिनलवरचा गंज थोडा खरवडला जातो आणि कॉन्टॅक्ट काही दिवस जुळतो. मग पाणी, चिखल आणि हवा पुन्हा आपलं काम करतात. जुनी मोटर फेकली नसेल तर ती शोधून ठेवा. ती चांगली निघण्याची शक्यता मोठी आहे.

तिसरी खूण म्हणजे ते १२ व्होल्ट, आणि सगळी गडबड तिथूनच सुरू होते. कपलर काढून मीटर लावला तेव्हा मोटर सर्किटमध्ये नव्हती. डिजिटल मीटरचा स्वतःचा रोध साधारण १० मेगाओहम असतो, म्हणजे तो त्या वायरमधून एका अँपिअरचा लाखावा भागही ओढत नाही. वायरच्या दहा-पंधरा तारांपैकी एकच शिल्लक असेल किंवा टर्मिनलवर हिरवा गंज चढून मध्ये १० ओहमचा अडथळा आला असेल, तरी मीटरच्या दृष्टीनं सगळं ठीक असतं आणि आकडा पुरा १२ येतो. वॉशर मोटरला मात्र चालताना साधारण २ ते ४ अँपिअर लागतात. १० ओहमच्या अडथळ्यातून ३ अँपिअर ढकलायचे तर त्या अडथळ्यावरच ३० व्होल्ट खर्च व्हायला हवेत. बॅटरी मुळात १२ ची. मोटर जोडताच सगळे व्होल्ट त्या गंजावर संपतात आणि मोटर हूं की चूं करत नाही. शेतातल्या पंपाचा अनुभव आठवा: स्टार्टरवर टेस्टर लावला तर छान पेटतो, पण लाइनीत दम नसतो म्हणून पंप उचलत नाही. इथेही तसंच आहे.

म्हणून मोजायचं ते भार टाकून. या दुरुस्तीत मला एवढीच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगावी लागते, कारण ती टाळल्यामुळे आपल्याकडे चांगल्या मोटरी आणि चांगले स्विच भंगारात जातात आणि पैसे ज्याच्या खिशातून जायला नको त्याच्या खिशातून जातात.

भार टाकायला महागडं यंत्र लागत नाही. इंडिकेटरचा २१ वॅटचा एक बल्ब, त्याचा होल्डर, दोन लांब वायरी आणि टोकांना मगर क्लिपा. कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात हे सामान मिळतं. २१ वॅटचा बल्ब १२ व्होल्टवर पावणेदोन अँपिअर घेतो, म्हणजे वॉशर मोटरच्या जवळपास जाणारा भार. बाजारात मिळणारी एलईडीची टेस्टर पेन इथे कामाची नाहीत, ती मीटरसारखीच फसवतात. छोटा ५ वॅटचा बल्बही कमी पडतो.

मोटर कुठे आहे ते आधी बघा. बहुतेक छोट्या गाड्यांत टाकीचं तोंड बोनेटखाली दिसतं, पण मोटर टाकीच्या अगदी तळाशी, पुढच्या बंपरमागे किंवा मडगार्डच्या आत असते. स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवलं आणि मडगार्डमधल्या प्लास्टिकच्या अस्तराच्या दोन-तीन क्लिपा काढल्या की हात पोचतो. जॅक लावायची गरज पडलीच तर खाली स्टँड किंवा भक्कम लाकडी ठोकळा असल्याशिवाय हात घालू नका. घरातल्या कुणाला तरी गाडीत बसवा. इंजिन बंद, चावी ऑन, आणि तुम्ही सांगाल तेव्हाच दांडा ओढायचा. तपासणीत वायपर सारखे फिरणार, तेव्हा आधी काचेवर तांब्याभर पाणी ओता. आपल्या काळ्या मातीची धूळ बसलेल्या कोरड्या काचेवर रबर फिरलं की जे ओरखडे उठतात ते पुढे रात्री समोरच्या गाडीच्या प्रकाशात कायम दिसत राहतात.

कपलर काढताना वायरी ओढू नका, लॉक दाबून बाहेर घ्या. आणि आधी नुसतं डोळ्यांनी बघा. टर्मिनल पितळी रंगाचे चकचकीत आहेत की हिरवट-पांढरी पूड बसली आहे? एक टर्मिनल दुसऱ्यापेक्षा जास्त खाल्लेलं आहे का? कपलरच्या तोंडाशी रबराची सील आहे की मागच्या वेळी काढली ती परत बसवलीच नाही? मोटरच्या पिना तिरक्या आहेत का? निम्म्या वेळा दोष इथेच डोळ्यांसमोर असतो आणि पुढची तपासणी फक्त खात्रीसाठी उरते.

आता बल्ब. कपलरच्या दोन टर्मिनलमध्ये बल्ब जोडा आणि दांडा ओढायला सांगा. टर्मिनलमध्ये जाड खिळा किंवा मीटरची पिन खुपसू नका, त्यानं टर्मिनल फाकतं आणि नंतर मोटरच्या पिनेला धरत नाही. बारीक टाचणी पुरते. बल्ब इंडिकेटरमध्ये पेटतो तितकाच लख्ख पेटला, तर कपलरपर्यंतची वायरिंग, स्विच, फ्यूज, अर्थ सगळं काम करतंय. बल्ब पिवळट मिणमिणला किंवा पेटलाच नाही, तर दोष वायरिंगमध्ये आहे आणि तुमच्या नव्या मोटरचा काही अपराध नाही. तुमचा मीटर इथेच १२ दाखवत होता, तरी बल्ब मिणमिणेल असा माझा अंदाज आहे.

मिणमिणला तर अर्धी बाजू वेगळी काढायची. बल्बचं एक टोक कपलरच्या फीडच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या, टर्मिनलला आणि दुसरं लांब वायरीनं थेट बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. दांडा ओढल्यावर लख्ख पेटला तर फीडची बाजू चांगली, दोष अर्थमध्ये. मग उलट करा: बल्बचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हला, दुसरं कपलरच्या अर्थच्या टर्मिनलला. इथे मिणमिणला की अर्थचा दोष नक्की झाला. फीडचं टर्मिनल कोणतं हे ठाऊक नसेल तर दोन्ही टर्मिनल आळीपाळीनं असे तपासा.

इथे एका गोष्टीनं भले भले चकतात. सगळ्या गाड्यांत दांडा पॉझिटिव्ह जोडत नाही. काही गाड्यांत चावी ऑन केली की मोटरच्या एका वायरला कायम १२ व्होल्ट असतात आणि दांडा ओढल्यावर स्विच दुसऱ्या वायरला अर्थ देतो. अशा गाडीत दांडा न ओढता एका टर्मिनलला १२ व्होल्ट दिसणं हा दोष नव्हे, ती रचनाच आहे. तिथे अर्थच्या बाजूची तपासणी दांडा ओढलेला असतानाच करायची, आणि त्या बाजूचा दोष निघाला तर तो बॉडीच्या अर्थपासून स्विचपर्यंत कुठेही असू शकतो. म्हणून आधी चावी ऑन, दांडा सोडलेला, या स्थितीत दोन्ही टर्मिनल मोजून कागदावर लिहून ठेवा. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे त्यावरून कळतं.

ज्यांच्याकडे मीटर आहे आणि तो नीट वापरायचा आहे, त्यांनी मोटर जोडलेली असतानाच मोजावं. कपलरच्या मागून, वायरीला लागून, सीलच्या कडेनं टाचणी सरकवायची. वायरीच्या प्लास्टिकला भोक पाडायचं नाही. त्या भोकातून पावसाळ्यात पाणी शिरतं आणि तांब्याच्या तारा आतून काळ्या पडत जातात. मीटरचा काळा प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवून, दांडा ओढून, मोटरच्या दोन्ही वायरी मोजा. एकीवर १२ च्या आसपास आणि दुसरीवर जवळजवळ शून्य, तरी मोटर गप्प, तर वीज मोटरच्या दारापर्यंत पोचली आहे. दोन्हींवर १२ आले तर अर्थ तुटलेला आहे. दोन्हींवर शून्य, तर फीड येतच नाही. आणि मोटर चालतेय पण मरगळल्यासारखी, तेव्हा बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून मोटरच्या फीडपर्यंत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त, किंवा मोटरच्या अर्थपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त गळती, म्हणजे वाटेतच संपणारे व्होल्ट, दिसली तर त्या बाजूला हात घालायचा. लक्षात ठेवा, ही गळती वीज वाहत असतानाच दिसते. मोटर आतून तुटलेली असेल तर दोन्ही बाजूंची गळती शून्य येईल आणि सगळं छान आहे असं वाटेल.

वीज दारापर्यंत पोचली आणि मोटर गप्प, म्हणजे मोटर गेली असंही लगेच म्हणू नका. टाचणी कपलरच्या टर्मिनलला लागलेली असते, मोटरच्या पिनेला नव्हे. त्या दोघांत गंज असेल किंवा टर्मिनल फाकलेलं असेल तरी आकडे अगदी हेच येतात. म्हणून मोटर डायरेक्ट देऊन बघायची. दोन वायरी, पॉझिटिव्हच्या वायरीत मध्ये ५ अँपिअरचा फ्यूज, आणि थेट बॅटरीवरून मोटरच्या पिनांना. चालली तर मोटर चांगली आणि दोष पिन-टर्मिनलच्या जोडात. मोटर जुळलेल्या ठिकाणीच, टाकीत पाणी असताना तपासा. बाहेर काढून तपासायचीच असेल तर एक-दोन सेकंदांच्या वर कोरडी फिरवू नका, तिच्या सीलला ओलावा लागतो. तुमची जुनी मोटरही अशीच तपासून बघा.

आता तुमच्या भागाचं. दर्यापूर, अंजनगाव, तेल्हारा, बाळापूर, संग्रामपूर हा पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारट असलेला भाग. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला. तिथलं विहिरीचं आणि बोअरचं पाणी पिकाला देताना शेतकरी दहा वेळा विचार करतो, आणि तेच पाणी आपण वॉशरच्या टाकीत बादलीनं ओततो. मोटर टाकीला एका रबरी बुशातून बसवलेली असते. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, उभ्या गाडीच्या बोनेटखाली त्याहून जास्त तापतं, आणि काही वर्षांत तो बुश कडक होऊन बारीक पाझरायला लागतो. पाझर मोटरवरून ओघळून नेमका कपलरवर येतो. पाणी उडून जातं, मीठ राहतं. पुढच्या पाझराला ते मीठ विरघळतं आणि दोन टर्मिनलमध्ये खारं पाणी साचतं. त्यातून थोडी थोडी वीज वाहत राहते आणि पॉझिटिव्हकडचं टर्मिनल आधी झिजत जातं. वर सांगितलेल्या, एका वायरला कायम १२ व्होल्ट असणाऱ्या गाड्यांत हे आणखी लवकर होतं, कारण चावी ऑन असेपर्यंत ही झीज चालूच असते. म्हणून कपलर साफ करताना वर बोट लावून बघा. बुशाभोवती पांढरी खपली किंवा ओल असेल तर आधी बुश बदला. तो अगदी स्वस्त भाग आहे, आणि तो न बदलता केलेली वायरिंगची दुरुस्ती पावसाळाभरसुद्धा टिकत नाही.

दुरुस्ती करताना घाई नको. हलका गंज असेल तर इलेक्ट्रिकल कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बारीक ब्रशनं साफ करा, वाळू द्या, फाकलेलं टर्मिनल बारीक सुईनं हळूच आवळा, आणि शेवटी सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर द्या. टर्मिनल खाल्लं गेलं असेल तर साफसफाईनं काही होत नाही, वायरीसकट नवा कपलर लावावा. मग वायर कापा आणि तांबं बघा. लालसर चकचकीत दिसलं तर ठीक. काळं किंवा हिरवं दिसलं तर आणखी दोन बोटं मागे कापा, पुन्हा बघा, चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे जा. गंज वायरीच्या आतून वर चढतो, बाहेरचं प्लास्टिक नवं दिसत राहतं. काळ्या तारेवर केलेला जोड, मग तो डागलेला असो की पिळलेला, टिकत नाही. जोड दाबून बसवायचा, त्यावर आतून गोंद असलेली श्रिंक स्लीव्ह गरम करून चढवायची, आणि वायर कपलरच्या आधी थोडी खाली झुकती ठेवायची, म्हणजे ओघळणारं पाणी कपलरमध्ये न शिरता तिथून टपकून जाईल. नुसती काळी टेप गुंडाळून सोडू नका. आपल्या उन्हात तिचा गोंद वितळतो आणि सहा महिन्यांत ती सुटून लोंबते.

अर्थची वायर बहुतेक वेळा हेडलाइटमागे किंवा मडगार्डच्या आत बॉडीला बोल्टनं आवळलेली असते. एक साधी खूण सांगतो: रात्री हेडलाइट लावून दांडा ओढा. त्याच बाजूचा लाइट किंचित मंद होत असेल, किंवा इंडिकेटर लावल्यावर दुसराच कुठला दिवा हलका पेटत असेल, तर तिथला अर्थ कमजोर आहे. बोल्ट काढा, खालचा पत्रा घासकागदानं चकचकीत होईपर्यंत घासा, लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, साफ करा, दातेरी वॉशर टाकून घट्ट आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा. रंगाच्या थरावरच लग आवळलेली गाडी तुम्हाला सापडेल, विशेषतः पुढून ठोकर खाऊन डेंटिंग-पेंटिंग झालेली असेल तर. अशी गाडी सेकंडहँड घेतली असेल तर आधी हाच बोल्ट बघा.

तुमच्या प्रश्नात नाही, पण वऱ्हाडात हमखास होणारं आणखी एक म्हणजे उंदीर. दिवाळीनंतर भाव वाढेल या आशेनं कापूस घरात भरून ठेवतात, शेजारी सोयाबीनची पोती, आणि त्याच ओसरीत गाडी. वॉशरची वायर आणि पाण्याची नळी बंपरच्या मागे खालीच असतात, त्या आधी सापडतात. टाकीवर लेंड्या, कापसाचे पुंजके, कुरतडलेली नळी दिसली तर मोटर सोडून आधी वायर टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपा. कुरतडलेल्या दोन तारा एकमेकींना किंवा पत्र्याला चिकटल्या की फ्यूज उडतो. उडालेला फ्यूज एकदा बदलून बघायला हरकत नाही, पण त्याच आकड्याचा: लाल तर १०, निळा तर १५. पुन्हा उडाला तर मोटर जाम आहे की वायर चिकटली आहे ते शोधायचं. कपलर काढल्यावर फ्यूज टिकत असेल तर मोटर जाम, तरीही उडत असेल तर वायर. मोठा फ्यूज टाकणं किंवा फ्यूजच्या जागी तांब्याची तार वळवणं कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. आपल्या उन्हाळ्यात, तापलेल्या बोनेटखाली, ती वायर पेट घेऊ शकते आणि गाडी ज्या ओसरीत उभी आहे तिथे कापूस आहे.

मागे वायपर असलेल्या गाड्यांबद्दल थोडक्यात. त्यातल्या अनेकांत मोटर एकच असते आणि तिला दोन तोट्या असतात. मोटर एका दिशेनं फिरली की पुढे पाणी, उलट फिरली की मागे. त्यासाठी स्विच दोन वायरींची फीड आणि अर्थ अदलाबदल करतो. मागे पाणी येतं आणि पुढे मोटरचा आवाजच नाही, तर मोटर, फ्यूज आणि कपलर बहुधा ठीक आहेत आणि इथे मात्र स्विचवर संशय घेणं बरोबर आहे. आवाज येतो पण पाणी नाही, तर वीज सोडा, नळी आणि नोझल बघा.

आणि स्विच खरंच गेला हे कधी म्हणायचं? बल्बच्या तपासणीत फीड मेलेली निघाली, फ्यूजच्या दोन्ही पायांवर वीज आहे, आणि स्विचच्या स्वतःच्या कपलरवर येणारी वीज पूर्ण आहे पण दांडा ओढल्यावर बाहेर जाणारी नाही, हे तिन्ही दिसलं की. तोपर्यंत नाही. नव्या गाड्यांत दांडा फक्त कंट्रोल युनिटला इशारा देतो आणि मोटरला वीज ते युनिट सोडतं. तिथे इशाऱ्याच्या वायरींवर २१ वॅटचा बल्ब लावू नका, युनिट खराब होईल. बल्ब फक्त मोटरच्या कपलरवर. स्टिअरिंगखाली काम करताना पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कपलरच्या वायरींना हात लावायचा नाही, त्या एअरबॅगच्या असतात. बऱ्याच गाड्यांत कॉम्बी स्विच काढायला स्टिअरिंगच काढावं लागतं. ते बॅटरीचा निगेटिव्ह काढून, काही मिनिटं थांबून, ज्याला हे काम येतं त्यानंच करावं.

दुरुस्ती झाल्यावर टाकी पूर्ण रिकामी करून तळाचा गाळ काढा, मोटरच्या बुशातली जाळी धुवा आणि मगच पाणी भरा. खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी पुन्हा टाकू नका. घरी आरओ असेल तर त्याचं शुद्ध पाणी चालतं, पण त्यातून बाहेर टाकलं जाणारं पाणी नव्हे, त्यात मीठ आणखी घट्ट झालेलं असतं. पावसाचं पन्हाळीचं पाणी कापडानं गाळून भरलं तरी उत्तम. कपड्यांचा साबण चुरून टाकायची सवय अनेकांना आहे. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो नोझलमध्ये अडकतो. वॉशर फ्लुइड थोडं मिसळलं तर कार्तिकात, रात्री शेताकडेच्या रस्त्यावर काचेवर जो किड्यांचा लगदा बसतो, तो एका फवाऱ्यात निघतो.

ही छोटी गोष्ट म्हणून पुढे ढकलू नका, भाऊ. हंगामात रस्त्यावर कापसाच्या आणि उसाच्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना चालतात. चिखलानं सारवलेल्या काचेवर समोरून मोठा लाइट पडला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. वॉशर बंद असेल तोवर गाडीत पाण्याची बाटली आणि स्वच्छ फडकं ठेवा, आणि काच माखली तर रस्त्याच्या कडेला नीट थांबून पुसा. चालत्या गाडीत कोरडे वायपर फिरवले तर चिखल पसरतो आणि आहे तेही दिसेनासं होतं.

मिस्त्रीकडे जाताना त्याला दुखवायची गरज नाही. "स्विच काढायच्या आधी कपलरवर इंडिकेटरचा बल्ब लावून एकदा बघू," एवढं म्हणा आणि बल्ब सोबत न्या. बल्ब कपलरवर लख्ख पेटला की मिणमिणला, बॅटरीच्या निगेटिव्हशी जोडल्यावर काय झालं, आणि जुनी मोटर डायरेक्ट चालली का, या तीन गोष्टी मला लिहून कळवा. गाडीचं मॉडेल आणि वर्ष त्यासोबत लिहा, म्हणजे तुमच्या गाडीत दांडा फीड जोडतो की अर्थ, ते धरून पुढचं सांगता येईल.